पराभूताचे आसन

युद्धे कशी सुरू झाली, कोणत्या सेनापतीने कोठे विजय मिळवला, कोणता किल्ला किती दिवस झुंजला, हे आपण इतिहासात आवडीने वाचतो. ती युद्धे संपली कशी, याकडे मात्र आपले तितकेसे लक्ष जात नाही. प्रकरणाच्या शेवटी ‘तहाची कलमे’ म्हणून जी यादी येते, ती परीक्षेपुरती पाठ करावयाची आणि पुढच्या प्रकरणाकडे वळावयाचे, असाच आपला परिपाठ असतो. वस्तुतः रणांगणावर मिळवलेला विजय काही वर्षांत जुना होतो. तहाच्या मेजावर लिहिलेल्या दोन ओळींचा परिणाम मात्र पुष्कळदा पुढच्या तीन पिढ्यांना भोगावा लागतो.

तोफा थांबल्या म्हणजे युद्धबंदी झाली, शांतता झाली असे नव्हे. युद्धबंदी ही थकलेल्या सैन्याची गरज असते. तह ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. कोणता मुलूख कोणाचा, कैद्यांचे काय करावयाचे, नुकसान कोणी भरून द्यावयाचे आणि यापुढे एकमेकांशी कसे वागावयाचे, हे तहाने ठरते. या सर्व प्रश्नांच्या मुळाशी एक साधा प्रश्न असतो : जो हरला, त्याला बोलणी करताना मेजाशी बसू द्यावयाचे, की निकाल ठरल्यावर केवळ सहीसाठी बोलवावयाचे? सही दोन्ही प्रकारांत मिळते. पण हाताने केलेली सही आणि मनाने दिलेली मान्यता यांत अंतर असते, हे महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. १६६५ साली पुरंदरच्या तहाने शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले आणि अवघे बारा त्यांच्याकडे उरले. मिर्झाराजे जयसिंगाच्या फौजेचा वेढा पडलेला असताना झालेला तो तह होता. पाच वर्षे सरतात न सरतात तोच, १६७० च्या प्रारंभी, सिंहगडापासून ते किल्ले परत घेण्यास सुरुवात झाली.

आता आपण युरोपकडे वळू. राष्ट्राराष्ट्रांनी एकत्र बसून तह करण्याची आधुनिक पद्धत मुख्यतः तेथे घडली, आणि ती मोडली तर काय होते याचा सर्वांत कडू अनुभवही त्याच भूमीने घेतला.

१६१८ साली जर्मन प्रदेशात एक युद्ध पेटले ते तीस वर्षे चालले. प्रारंभी ते कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट या ख्रिस्ती पंथांतील होते. पुढे स्वीडन, फ्रान्स, स्पेन यांच्या सत्तास्पर्धेने त्याला भलतेच रूप आले. तलवार, दुष्काळ आणि रोगराई यांनी काही प्रांतांतील निम्म्याहून अधिक वस्ती नाहीशी केली. अखेर वेस्टफेलिया प्रांतातील म्युन्स्टर आणि ओस्नाब्रुक या दोन गावी बोलणी सुरू झाली. गावे दोन का? तर मानपानाचे आणि पंथांचे तंटे असे की, सर्वांना एका गावी बसवणे शक्य होईना! कोणाचा वकील कोणाच्या आधी आत शिरणार यावरून वाद झडत, आणि तिकडे लढाई चालूच असे. तरीही २४ ऑक्टोबर १६४८ रोजी तह झाले, आणि त्यांत आरंभीच एक विलक्षण कलम घालण्यात आले. युद्धकाळात एका पक्षाने दुसऱ्याला जो जो उपद्रव दिला असेल, त्याचे कायमचे विस्मरण व्हावे आणि त्याबद्दल सर्वांना क्षमा असावी, असा त्याचा आशय होता. प्रत्येकाने आपले दुःख विसरलेच असेल असे नाही. परंतु जुन्या जखमांच्या नावाने नवे युद्ध पुकारण्याचा अधिकार त्या कलमाने काढून घेतला. लहानमोठ्या राज्यांनी आपापल्या कारभारात स्वतंत्र असावे, हा विचार या तहांनी एका रात्रीत जन्माला घातला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या विचाराला येथे बळ मिळाले यात शंका नाही. याच तहाने आल्सास प्रांतातील बरेचसे हक्क फ्रान्सला मिळाले. हे नाव लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

यानंतरचा मोठा प्रसंग व्हिएन्नाचा. नेपोलियनने सुमारे पंधरा वर्षे सगळा युरोप पायाखाली तुडवला होता. १८१४ च्या एप्रिलमध्ये त्याला सिंहासन सोडावे लागले, आणि त्याच वर्षाच्या शरद ऋतूत युरोपचा नकाशा नव्याने आखण्यासाठी मुत्सद्दी व्हिएन्नात जमले. ऑस्ट्रियाचा मेटरनिख, इंग्लंडचा कॅसलरे, प्रशियाचा हार्डेनबर्ग आणि रशियाचा झार पहिला अलेक्झांडर यांचा बेत असा की, मुख्य निर्णय आपण चौघांनीच घ्यावेत. पण पराभूत फ्रान्सचा वकील तालेराँ हा मोठा धूर्त होता. पहिल्याच बैठकीत कागदावर ‘दोस्त राष्ट्रे’ असा शब्द दिसताच त्याने हरकत घेतली. दोस्ती कोणाविरुद्ध? नेपोलियन तर गेला, आणि फ्रान्सच्या राजाशी मे महिन्यातच तह झालेला आहे. मग शत्रू उरला कोण? या प्रश्नाला उत्तर नव्हते. हळूहळू फ्रान्सला मेजाशी जागा मिळाली. इतकेच नव्हे तर १८१५ च्या जानेवारीत इंग्लंड आणि ऑस्ट्रिया यांनी फ्रान्सशीच एक गुप्त करार केला. कालचा शत्रू वर्षाच्या आत सहकारी झाला होता.

या उदारतेची कसोटी लवकरच लागली. मार्चमध्ये नेपोलियन एल्बा बेटावरून निसटून परत आला, फ्रेंच सैन्य त्याच्यामागे उभे राहिले आणि १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला पुन्हा रक्तपात झाला. आता मात्र फ्रान्सचे लचके तोडावेत असा प्रशियाचा आग्रह होता, आणि तो अगदीच अनैसर्गिक होता असे म्हणता येणार नाही. कॅसलरे आणि वेलिंग्टन यांनी तो मानला नाही. फ्रान्सला शिक्षा झाली : ७० कोटी फ्रँकची भरपाई आणि जास्तीत जास्त पाच वर्षे परकी फौजेचा तळ. पण ती शिक्षा संपणारी होती. फ्रान्सने भरपाईची व्यवस्था लावली, १८१८ मध्ये म्हणजे मुदतीच्या दोन वर्षे आधी परकी सैन्य परत गेले आणि मोठ्या राष्ट्रांच्या सल्लामसलतीत फ्रान्सला बरोबरीचे स्थान मिळाले.

व्हिएन्नाचे मुत्सद्दी साधुसंत नव्हते. त्यांनी राजांची काळजी वाहिली, प्रजेची नाही. पोलंड वाटून घेतला गेला, इटलीचे तुकडे राहिले, बेल्जियमची जनता न विचारता हॉलंडला जोडण्यात आली. ती १८३० मध्ये बंड करून वेगळी झाली. ज्यांना मेजाशी जागा मिळाली नाही, त्यांनी तो तह मोडला, हे येथेही दिसते. मात्र मोठ्या राष्ट्रांपुरते पाहिले तर त्या व्यवस्थेने पुष्कळ काम केले. क्रिमियाचे युद्ध झाले, प्रशियाचीही युद्धे झाली; पण सगळ्या युरोपला एकदम पेटवणारे युद्ध १९१४ पर्यंत झाले नाही.

त्यांपैकी एका युद्धाकडे आपल्याला थोडे थांबून पाहिले पाहिजे. १८७०–७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सचा पराभव केला. विजेत्यांनी १८ जानेवारी १८७१ रोजी आपल्या नव्या जर्मन साम्राज्याची घोषणा केली, ती बर्लिनमध्ये नव्हे, तर फ्रेंच राजांच्या व्हर्साय येथील राजवाड्यात, तेथील सुप्रसिद्ध आरसेमहालात. शत्रूच्या घरात, त्याच्या देखत केलेला हा समारंभ होता. पुढे फ्रँकफर्टच्या तहाने फ्रान्सकडून आल्सास आणि लोरेनचा काही भाग घेण्यात आला, शिवाय ५ अब्ज फ्रँकची भरपाई लादण्यात आली. भरपाई फ्रान्सने १८७३ पर्यंत चुकती केली. आल्सास मात्र फ्रेंच मनात सलत राहिले. त्या तहाविरुद्ध फ्रेंच लोकसभेत मत देणाऱ्यांमध्ये क्लेमान्सो नावाचा एक तरुण डॉक्टर होता.

अठ्ठेचाळीस वर्षांनी तोच क्लेमान्सो फ्रान्सचा पंतप्रधान म्हणून शांतता परिषदेच्या अध्यक्षपदी बसला. पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबले होते. फ्रान्सने सुमारे १४ लक्ष सैनिक गमावले होते. उत्तरेकडील खाणी, कारखाने आणि शेते यांचा चिखल झाला होता. फ्रान्सचा संताप समजून घेतल्यावाचून पुढचे काही समजणार नाही. परिषदेच्या उद्घाटनासाठी निवडलेली तारीख होती १८ जानेवारी. जर्मन साम्राज्याचा तो वाढदिवस!

परिषद पॅरिसमध्ये काही महिने चालली, पण तिच्या बोलण्यांत जर्मनीला स्थान नव्हते. त्या वेळी जर्मनीतून कैसर पळून गेलेला होता आणि लोकांनी निवडलेले नवे सरकार सत्तेवर आले होते. १८१४ मध्ये तालेराँने जो युक्तिवाद केला, तोच या सरकारलाही करता आला असता. पण तो ऐकण्यास कोणी तयार नव्हते. ७ मे १९१९ रोजी जर्मन वकिलांना बोलावून तहाचा मसुदा हाती देण्यात आला आणि जे काही म्हणणे असेल ते पंधरा दिवसांत लेखी कळवावे असे सांगण्यात आले. क्लेमान्सो उभा राहून बोलला. उत्तर देताना जर्मन मंत्री ब्रॉकडॉर्फ-रांटसाऊ जागेवरून उठला नाही. सगळा दोष एकट्या जर्मनीचा हे मी कबूल करणार नाही, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. त्याच्या बसून राहण्याने विजेते अधिकच चिडले. ज्याला बोलणी करण्यासाठी आसन मिळाले नाही, त्याने मिळालेले आसन सोडण्याचे नाकारले, एवढाच त्याचा अर्थ होता की काय, कोण जाणे.

तहाच्या अटी ऐकून जर्मनीतील मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. सही न केल्यास पुन्हा युद्ध, अशी धमकी होती. अखेर २८ जून १९१९ रोजी, त्याच आरसेमहालात, हेर्मान म्युलर आणि योहान्स बेल या दोन जर्मन मंत्र्यांनी सह्या केल्या. युद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या पाच फ्रेंच सैनिकांना तेथे मुद्दाम आणून उभे केले होते. तहाने आल्सास-लोरेन फ्रान्सला परत गेले; जर्मनीचा सुमारे आठवा हिस्सा मुलूख आणि दहावा हिस्सा प्रजा तिच्याकडून गेली; सैन्य एक लाखावर आणले गेले. पण जर्मन मनाला सर्वांत झोंबले ते २३१ वे कलम. जर्मनी आणि तिच्या मित्रांच्या आक्रमणामुळे झालेल्या सर्व हानीची जबाबदारी जर्मनीवर आहे, असे त्यात लिहिले होते. भरपाई मागण्यासाठी कायदेशीर आधार हवा, एवढ्याच हेतूने ते कलम घातले गेले असे म्हणतात. वाचणाऱ्यांनी मात्र ते आपल्या कपाळावर मारलेला डाग म्हणूनच वाचले. वेस्टफेलियाच्या तहाने विस्मरण लिहून ठेवले होते; व्हर्सायच्या तहाने दोष लिहून ठेवला.

१९२१ मध्ये भरपाईचा आकडा १३२ अब्ज सुवर्णमार्क ठरला. हप्ते थकले म्हणून १९२३ च्या जानेवारीत फ्रेंच आणि बेल्जियन सैन्य ऱ्हूर खोऱ्यात शिरले. जर्मन सरकारने कामगारांना संपावर पोसण्यासाठी नोटा छापल्या, आणि नोव्हेंबरपर्यंत एका अमेरिकन डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. आयुष्यभर साठवलेल्या ठेवीत एक पाव विकत मिळेनासा झाला.

हा भाग शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो : मग हिटलर आणि दुसरे महायुद्ध हे व्हर्सायच्याच तहाचे फळ का? होय असे एका शब्दात उत्तर देणे सोपे आहे, पण ते खरे नाही. याच जर्मनीने १९१८ मध्ये ब्रेस्ट-लिटोव्हस्क येथे रशियावर जो तह लादला, तो व्हर्सायहून अधिक कठोर होता. शिवाय १९२५ च्या लोकार्नो करारानंतर जर्मनी राष्ट्रसंघात आली होती, आणि भरपाई १९३२ मध्ये जवळजवळ रद्दच झाली होती. हिटलर सत्तेवर आला तो १९३३ मध्ये, जागतिक मंदीच्या आणि बेकारीच्या लाटेवर. तहाने युद्ध घडवले नाही. तहाने त्याच्या हाती एक शस्त्र दिले. अपमानित झालेल्या माणसाला त्याच्या अपमानाची रोज आठवण करून देणारा पुढारी भेटला की काय होते, ते जगाने पाहिले. २२ जून १९४० रोजी फ्रान्स शरण आला, तेव्हा १९१८ ची युद्धबंदी ज्या रेल्वेच्या डब्यात झाली होती तोच डबा संग्रहालयातून बाहेर काढून हिटलरने त्यात फ्रेंचांना सह्या करावयास लावल्या. आल्सास पुन्हा जर्मनीकडे गेले, आणि १९४५ मध्ये पुन्हा फ्रान्सकडे आले.

व्हर्सायच्या मेजाशी आसन न मिळालेले आणखीही होते. शांटुंग प्रांतातील जर्मन हक्क जपानला दिले गेले म्हणून चीनने सहीच केली नाही. त्या निर्णयाविरुद्ध ४ मे १९१९ रोजी पेकिंगमध्ये विद्यार्थ्यांनी जे आंदोलन केले, त्याने आधुनिक चीनच्या इतिहासाला वळण दिले. आणि हिंदुस्थान? दहा लाखांहून अधिक भारतीय या युद्धासाठी समुद्रापार गेले होते आणि ७० हजारांहून अधिक मरण पावले. तहावर हिंदुस्थानच्या वतीने सह्या झाल्या, पण त्या भारतमंत्री मॉन्टेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांच्या. १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने लोकमान्य टिळक, गांधीजी आणि हसन इमाम यांना आपले प्रतिनिधी म्हणून निवडले होते. टिळक त्या वेळी लंडनमध्येच होते. पॅरिस तेथून काही तासांच्या वाटेवर. त्यांना परिषदेत प्रवेश मिळाला नाही. त्यांनी क्लेमान्सोला पत्र लिहून स्वयंनिर्णयाचे तत्त्व हिंदुस्थानलाही लावावे अशी मागणी केली. ते पत्र तसेच राहिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर विजेत्यांना जुनी चूक आठवत होती. जर्मनीचे दोन भाग झाल्यामुळे तिच्याशी अंतिम तह होण्यास १९९० साल उजाडले, पण त्याची वाट न पाहता फ्रान्सने १९५० मध्येच सुचवले की, ज्या कोळशासाठी आणि पोलादासाठी आपण लढलो, त्यांचा कारभार एकत्र चालवावा. १९५३ च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीचे निम्मे कर्ज माफ झाले. माफीतून काही बारीकसारीक शिल्लक राहिले होते : व्हर्सायच्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जरोख्यांचे थकलेले व्याज. त्याचा अखेरचा हप्ता जर्मनीने ३ ऑक्टोबर २०१० रोजी भरला. सह्या करणारे, करवून घेणारे, त्यांची मुले, सगळे तोवर काळाच्या पडद्याआड गेले होते. आल्सासची राजधानी स्ट्रासबुर्ग येथे आज युरोपियन संसद भरते.

जपानचा तह ८ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. जपानशी ४८ राष्ट्रांनी सह्या केल्या. तेथे जपानला दोष देणारे कलम नव्हते, आणि सिलोनच्या जयवर्धने यांनी भगवान बुद्धांच्या शिकवणुकीचा हवाला देऊन भरपाईचा हक्क सोडल्याचे जाहीर केले. तरीही काही आसने रिकामी होती. चीन आणि कोरिया यांनी सर्वांत अधिक सोसले होते, पण त्यांना बोलावणेच नव्हते. त्या दोन देशांशी जपानचे जुने वाद अजूनही अधूनमधून डोके वर काढतात, त्याचे एक मूळ येथे आहे. रशियाने सही नाकारली. त्या दोन राष्ट्रांत शांततेचा तह अद्याप झालेला नाही.

आणखी एक आसन रिकामे होते, ते स्वतंत्र भारताचे. १९१९ मध्ये ज्यांना दाराशी अडवले गेले, त्यांना या वेळी सन्मानाने निमंत्रण होते. पण भारताने ते स्वीकारले नाही. तहाबरोबरच अमेरिकेचे सैन्य जपानात राहणार होते आणि काही जपानी बेटे अमेरिकेच्या ताब्यात राहणार होती. जपानला खऱ्या अर्थाने बरोबरीचे आणि मानाचे स्थान या तहाने मिळत नाही, असे भारताचे मत होते. ते सर्वांना पटले असे नाही. अमेरिकेची नाराजीही झाली.

मग ९ जून १९५२ रोजी टोकिओ येथे भारत आणि जपान यांनी आपला स्वतंत्र तह केला. तो अगदी छोटा आहे. भारताला मागण्यासारखे काही नव्हते असे नाही. जपानने १९४२ ते १९४५ अंदमान बेटे व्यापली होती आणि तेथील लोकांचे अतोनात हाल केले होते. कोहिमा आणि इंफाळ येथे, ब्रह्मदेशाच्या रानात, हजारो भारतीय जवान कामी आले होते. तहाच्या एका कलमाने भारताने जपानवरील युद्धभरपाईचे सर्व हक्क सोडून दिले आणि युद्धकाळात भारतात जप्त झालेली जपानी मालमत्ता परत करण्याचे मान्य केले. पुढे १९५८ मध्ये जपानने परदेशांना येन कर्जे देण्यास प्रारंभ केला, तेव्हा पहिले कर्ज भारताला मिळाले.

या तहाआधीची एक गोष्ट राहून गेली. युद्धकाळात टोकिओच्या युएनो प्राणिसंग्रहालयातील हत्ती सरकारी हुकमाने मारण्यात आले होते. युद्ध संपल्यावर जपानी मुलांनी पंडित नेहरूंकडे एका हत्तीची मागणी केली आणि १९४९ च्या सप्टेंबरात ‘इंदिरा’ नावाची एक हत्तीण समुद्रमार्गे टोकिओला पोहोचली. कागदोपत्री त्या वेळी भारत आणि जपान यांच्यातील युद्ध संपलेले नव्हते. ते संपल्याचे भारताने २८ एप्रिल १९५२ रोजी जाहीर केले. तोवर टोकिओतील मुले तिला अडीच वर्षे ओळखत होती.